दहाव्याचं पाणी

आमच्या भुसावळात दहावा म्हटलं
की आधी नळ आठवतो, मग माणूस.
दहा दिवसांतून एकदा, पहाटे साडेतीनला
पाइपातून खोकल्यासारखी हवा,
मग तापी, चहाच्या रंगाची, तुरटी मागत.
टाकी, दोन ड्रम, कळशा, कुकरसुद्धा भरून घ्यायचा.
आणि या सगळ्यात, खिडकीपासून लांब,
साठ लिटरचा एक काचेचा पाहुणा,
त्याला आठवड्याला पंधरा लिटर लागतं.

भारंबे वहिनी जिन्यातून म्हणाल्या,
इथं प्यायला नाही, अन् माशांना आंघोळ!

काय सांगणार.
पहिले सात मीच मारले.
हर्षालीच्या वाढदिवसाचे, केशरी,
शेपटीचा घोळ सांभाळत फिरणारे.
काच हिरवी झाली म्हणून सगळं बाहेर काढलं,
खडे सोड्यात उकळले,
स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला,
आणि नळाचं पाणी, थेट, क्लोरिनच्या वासासकट.
लखलखीत. नुसती दिवाळी.
तिसऱ्या दिवशी ते वर येऊन तोंड उघडत होते,
मला वाटलं भूक लागली,
अजून खायला टाकलं.
पोरीने मोजले. मोजायला सोपे होते,
कुणीच हलत नव्हतं.

जामनेर रोडला रशीद तडवींचं दुकान.
त्यांनी मासे दाखवलेच नाहीत. विचारलं,
स्पंज कशाने धुतला?
सांगितलं.
ताई, ती घाण नव्हती, कामावर होती.
मासा पाण्यातच जेवतो, पाण्यातच करतो,
ते विष पचवणारे डोळ्याला न दिसणारे जीव त्या मळात राहतात.
तुम्ही सफाईवाल्यांची अख्खी पाळीच बुडवली.

आता सव्वा महिना थांबा, म्हणाले.
सव्वा महिना! बाळंतिणीसारखा.
रिकाम्या टाकीत पंप चालू
आणि कुणी नसताना रोज चिमूटभर अन्न.
आमच्या यांनी दोनदा विचारलं,
तुला बरं वाटतंय ना?

मग गेले. तेच केशरी द्या म्हटलं.
साठ लिटरमध्ये? ते म्हशीचं रेडकू आहे ताई,
आज बोटाएवढं दिसतं.
सहा गप्पी दिले, सगळे नर,
नाहीतर पोळ्यापर्यंत तुमच्याकडे यात्रा भरेल.
मी म्हटलं, सहाच?
ते फक्त पिशवीला रबर लावत राहिले.

माझ्या माहेरी, न्हावीला, एका खोलीत अकरा जण.
उन्हाळ्यात खाटा अंगणात निघायच्या,
भांडण झालं की काका मळ्यात झोपायचा.
काचेला अंगण नसतं. मळाही नसतो.
हे मला त्या दुकानात नाही,
रात्री अडीचला, कूलरचा आवाज ऐकत पडले असताना कळलं.

मे महिन्यात शेचाळीस.
बाटलीत बर्फ गोठवून टाकीत तरंगत सोडते,
एकदम नाही, आधी छोटी.
वीज गेली की हे डब्यांच्या दिव्यांचं काम करणारे हात
सेलवरचा पंप जोडतात, बोलत काही नाहीत,
पण अंधारात बुडबुडे मोजत बसतात.

ड्रमवर खडूने लिहिलंय: मासे.
नळाचं पाणी त्यात दोन दिवस उघडं ठेवायचं, मगच द्यायचं.
पाहुणे आले, पाणी संपलं, सासूबाई म्हणाल्या
त्यातलं घे की दोन तांबे.
घेतले. माशांचे तेवढे कमी बदलले.
असंही होतं.

हर्षालीचा धुळ्याहून फोन,
आई, खूप मोकळं दिसतं गं व्हिडिओत, अजून चार आणू?
मी काचेकडे पाहिलं.
एक निळ्या शेपटीचा उगाचच
या टोकाकडून त्या टोकाला चालला होता,
वाटेत कुणी नव्हतं.
म्हटलं, तू ये, मग बघू.

आज रविवार. नळाला अजून चार दिवस.
पंधरा लिटर काढायचं, पिवळसर, किंचित वासाचं,
त्यातच स्पंज दोनदा दाबायचा.
नळी तोंडाने ओढणार एवढ्यात दार वाजलं.
भारंबे वहिनी, हातात बादली.
मागच्या वेळी उरलेलं त्यांच्या कढीपत्त्याला घातलं होतं.
आज बदलणार ना, म्हणाल्या,
आणि विचारल्याशिवाय चपला काढून आत आल्या.