मासा कुठे आहे?

दोन खुर्च्यांवर ताणलेली निळी चादर:
हा आमचा समुद्र, गोठलेला.
मधोमध कात्रीनं पाडलेलं भोक.
चादर माझ्या घरची, भोक सरकारी कामासाठी.

खाली फरशीवर लाकडी मासे,
प्रत्येकाच्या पोटात एक खिळा, लोहचुंबकासाठी.
वर स्टुलावर अंगठ्याएवढा कोळी,
लोकरीची टोपी, हातात सुतळी.
केमीच्या बंदरात फेब्रुवारीत याला खेळ म्हणणंही अवघड;
खिडकीतून दिसतातच
खऱ्या बर्फावर खरी माणसं
आपापल्या भोकापाशी पाठ वाकवून बसलेली.

वेइक्का चार वर्षांचा.
नावं त्याच्याकडे पुष्कळ.
मासा. टोपी. बर्फ. जहाज.
बर्फ फोडणारं जहाज, ज्यावर त्याचा बाप काम करतो.
पण आमच्या भाषेत जागा सांगणारे शब्द
एकटे हिंडत नाहीत,
नावाच्या पाठुंगळी बसून येतात,
आणि त्यांना घ्यायला नाव आधी जरासं वाकतं.
वेइक्काची नावं वाकत नाहीत.

"मासा कुठे आहे?"
"बर्फ."
"बर्फावर? की बर्फाखाली?"
"बर्फ," तो म्हणतो, आणि बोट दाखवतो
इतकं अचूक
की पुढे विचारायची मलाच लाज वाटते.

सहा मंगळवार.
कोळी बर्फावर. अस्वल कोळ्यामागे.
सील बर्फाखालून वर, पुन्हा खाली.
शब्दाचं शेवटचं अक्षर मी आग्रहानं वाढते,
नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढावं तसं.
पोटात काय जातं, कुणी सांगावं.
वहीत रकाने आहेत.
वर: नाही. खाली: नाही. आत: नाही.
मागे, यापुढे एकदा प्रश्नचिन्ह काढलं होतं,
नंतर खोडलं.

सातव्या मंगळवारी तो चादरीखाली शिरला
आणि बाहेर येईना.
मी गुडघे टेकून भोकातून डोकावले.
उताणा पडलेला, छातीवर तीन मासे,
गालांवर चादरीचा निळा उजेड.
"वेइक्का कुठे आहे?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जणू हरवलेय ती मीच.
"इथे."

खरंच की.
जो खाली असतो त्याला खाली नसतंच.
त्याला इथे असतं,
आणि वर कुणाचा तरी चेहरा, प्रश्न विचारणारा.

मग मीही शिरले आत, पन्नाशीचे गुडघे घेऊन.
किती वेळ ते लिहिलेलं नाही.
समुद्राच्या पोटात आम्ही दोघं गप्प पडून,
त्याचा श्वास जरा घरघरणारा, सर्दीचा,
भोकातून लोंबणारी सुतळी.
त्यानं ती ओढली.
कोळी डोक्यावर आपटला, माझ्या.
वेइक्का इतका हसला की मासे घसरले.
शब्द मात्र एकही नाही.

कपडे अडकवायच्या खोलीत योन्ना, त्याची आई,
एका हातमोज्यासाठी वाकून वाकून थकली.
बाकाखाली नाही. पिशवीत नाही. बाहीत नाही.
बाहेर उणे एकोणीस, आणि चार दहाची बस.
"या महिन्यातला तिसरा," ती म्हणाली,
कुणाला असं नाही, बुटांना.

वेइक्का आपल्या चेनशी झगडत होता.
मान वर न करता म्हणाला,
"तिच्या खिशात."

मी स्वेटरच्या खिशात हात घातला.
लोकर. थोडी ओली.
समुद्राच्या पोटात कधी ठेवला त्यानं, कळलंही नाही.

खिसा नव्हे. खिशात.
ती नव्हे. तिच्या.
दोन नावं नीट वाकली होती,
आणि चोर म्हणून मी सापडले होते.

योन्नानं मोजा चढवला, टोपी खाली ओढली,
"चल, बस चुकेल."
तिला ऐकू आलं नसावं.
'पुन्हा म्हण बरं' माझ्या जिभेवर आलं होतं,
ते मी गिळलं.

चादरीची घडी घातली नाही.
वही उघडली. 'आत'च्या रकान्यात
काय लिहायचं, बराच वेळ सुचेना.
मग लिहिलं:
डावा. राखाडी. चार वाजून सहा मिनिटं.