एका फळीचा पूल

पन्नास सीसीचं लायसन्स असलेल्या माणसाने
ताशी तीसच्या वर जायचं नाही.
मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर
आधी सरळ जायचं, पलीकडच्या कोपऱ्यात थांबायचं,
गाडीचं तोंड फिरवायचं, दिवा हिरवा व्हायची वाट बघायची,
मग निघायचं.
हात्सुए कुरामोची बाई एकतीस वर्षं अशाच वळल्या,
पहाटे तीनला, साकाता गावात,
बघायला कुत्रंही नसताना.
पुढच्या टोपलीत वर्तमानपत्रं हनुवटीपर्यंत,
जानेवारीत मागच्या चाकाला साखळी,
आणि समुद्राकडून आडवा येणारा बर्फ.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या आमच्या शाळेत आल्या.
फॉर्मवर शेवटच्या चौकोनात खूण :
मोठी दुचाकी, सीसीला मर्यादा नाही.
मी म्हटलं, आधी चारशेचं तरी घ्या.
घेतलं. ऑगस्टमध्ये परत हजर.

पहिल्या दिवशी आम्ही गाडी आडवी पाडून ठेवतो.
दोनशे किलो. उभी करा, म्हणतो.
पाठीने उचलू नका, हे मी सांगणारच होतो
तोवर त्यांनी ती मांडीला लावून उभी केली होती,
स्टँड पायाने शोधत म्हणाल्या,
भिजलेले गठ्ठे याहून वाईट.

मग फळी.
पंधरा मीटर लांब, वीत-दीड वीत रुंद,
जमिनीपासून चार बोटं वर.
लहान लायसन्सला पाच सेकंद, चारशेला सात,
मोठ्याला दहा.
दहाच्या आत नाही, दहाच्या वर.
हे ऐकून पोरांचे चेहरे उतरतात.
कोसेई नावाचा एक, लाल जॅकेटवाला,
सहाव्या सेकंदाला घाबरला, मूठ पिळली,
गवतात गेला.

बाई निघाल्या.
क्लच अर्धा, मागच्या ब्रेकवर पाय
जणू झोपलेल्याच्या अंगावर हात.
मान वर. चाकाकडे एकदाही नाही.
नऊ. दहा. मी घड्याळाकडे बघणं सोडलं.
चौदा. हँडल थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे,
एकोणीस.
उतरल्यावर विचारलं, बघत कुठे होता?
"पुढच्या घराच्या पेटीकडे."
जास्तीच्या नऊ सेकंदांना गुण नाहीत.
पत्रकात तशी जागाच नाही.

लायसन्सच्या कार्डावर खाली बारीक चौकोन असतात,
जे मिळालेलं नाही तिथे नुसती आडवी रेघ.
त्यांनी अंगठ्याने दाखवलं : इथली गेली.
बाकीच्या रेघा तशाच होत्या, ट्रकच्या, बसच्या.
गाडी कुठली घेणार? तर म्हणाल्या, बघू.

आमची मुलगी सप्टेंबरची.
पहाटे तिला खांद्यावर घेऊन फिरताना
रोज ऐकतो : छोटं इंजिन, गिअर, थांबणं,
पेटीचं झाकण, पुन्हा गिअर.
कोपऱ्यावर ते थांबतं.
लाल दिव्यापाशी, कोणीही नसताना, धुगधुगत.

महिन्यातून एक सोमवार वर्तमानपत्राला सुट्टी असते.
नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी काचेला आधी हादरा,
मग आवाज, छातीत उतरणारा, ओळखीचा नाही.
मी पडदा सरकवला.
दिवा हिरवा. हेल्मेट तेच,
कानाजवळ पिवळी चिकटपट्टी असलेलं.
कोपऱ्यात न थांबता
गाडी चौकाच्या मधूनच उजवीकडे कलली,
चोकाई डोंगराच्या रस्त्याला लागली.

बायको आतून म्हणाली, कोण होतं?
मुलगी खांद्यावर झोपली होती,
म्हणून मी काही बोललो नाही.