शेरा

दाखल क्रमांक सहाशे तेरा.
मुखपृष्ठ नाही, म्हणून नाव नाही.
रजिस्टरात कुणीतरी 'गूढ' एवढंच लिहून
पुढची जागा मोकळी सोडलेली.
कसरीनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत
एकच बोगदा खणलाय.
डोळ्याला लावला तर पलीकडे वेंगुर्ल्याचं बंदर दिसतं
आणि बंदरावर बर्फाची गाडी.

निर्लेखनाच्या गठ्ठ्यात टाकणार होते,
तर समासात जांभळी अक्षरं.
जिभेवर ओली करून लिहायची ती कचेरीतली पेन्सिल,
शंभर वर्षांच्या खाऱ्या दमटीनं फुललेली,
एकेक काना शेवाळागत.

र. शि. आरावंदेकर, कस्टम कारकून.
पुस्तक व्ही.पी.ने, सव्वा रुपया, सन एकोणीसशे बारा.
दिवसभर फत्तेमाऱ्यांतली कौलं, नारळ, सुंभ मोजायचं
आणि रात्री, पान सत्तावीसवर सांगितल्याबरहुकूम,
उत्तरेला तोंड करून मन निर्वात करायचं.

छापील मजकूर म्हणतो: सूक्ष्म देहाचे सात कोश होत.
समास म्हणतो: वाडीहून पाट आला. चिताऱ्याने
खेळण्यातल्या गाडीची चाके लावली आहेत. लाखेचा वास जात नाही.
छापील: साधकाने मत्स्याहार वर्ज्य करावा.
समास: आज बांगडा. उद्यापासून.

रोज एकच प्रश्न, पुस्तकी, वळणदार:
'हे आत्म्या, तू सांप्रत कोणत्या भूमिकेवर आहेस?'
आत्मा म्हणजे दाजी, धाकटा भाऊ,
मंगळूरहून कौलं घेऊन येताना
निवतीच्या खडकांत गेलेला.
डोलकाठी तेवढी लागली किनाऱ्याला.

प्रयोग नऊ: पाट स्तब्ध.
प्रयोग चौदा: पाट स्तब्ध. शेजारचा घाडी हसतो.
म्हणतो, देवचाराक रोट नि विडी ठेय,
पुस्तकात दुडू कित्याक घालतंस?
त्यास शास्त्र काय ठाऊक.

प्रयोग एकोणीस.
दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं,
म्हणून मथुरेनं बोटं ठेवली, चुलीपुढून उठून, तशीच.
पाट हलला.
रेघ, रेघ, मग गाठ, मग अक्षर:
जेवलंस?

खाली, मालाची नोंद करतात त्या हस्ताक्षरात:
उत्तर असमाधानकारक. आत्म्याची भाषा अशुद्ध.
भूमिकेचा खुलासा नाही.
त्याच्याही खाली पेन्सिल फार ओली झालेली,
रुपयाएवढा डाग, आणि डागात कसंबसं वाचता येतं:
मथुरेस अक्षरओळख नाही.

हे पान एकशे बारा.
पुढची पानं कापलेलीच नाहीत.
ज्योतीचं दर्शन, सातवी भूमिका,
तिथून परत कसं यावं,
सगळं घडीत, छापखान्यातून निघालं तसं मिटलेलं.
की त्याला पुढचं लागलंच नाही?
की तो घाबरला, आणि कुणाला, भावाला की बायकोला?
समास गप्प.

माझ्या ड्रॉवरमध्ये ब्लेड आहे.
दुपारचे अडीच. वर्तमानपत्रावर मान टाकून
एक निवृत्त मास्तर झोपलेत.
माझा डबा अजून उघडलेला नाही.
ब्लेड काढते, परत ठेवते.

त्या बंद पानांतून आजवर
एकटी कसरच आरपार गेलीय,
आणि तिनं काही लिहून ठेवलेलं नाही.

शेऱ्याच्या रकान्यात 'जीर्ण' लिहिलं.
खोडलं.