शेरा

आमच्या पाटीवर 'जल' आहे, 'पर्यावरण' आहे
आणि खाली बारीक अक्षरात गाळ्याचा नंबर.
मरोळ, तिसरा मजला.
भिंतीपलीकडे चेन बनवायचा कारखाना,
त्यामुळे आमची ब्युरेट दिवसभर किंचित थरथरते.

तांडेल ओहोटीची वेळ बघून निघतो.
बर्फाची पेटी, दोरी, बारा बाटल्या,
आणि भाकरीचा डबा, जो पेटीत ठेवायचा नाही
असा फिलोमिनाचा कडक नियम.
माहुलच्या खाडीत बाटली कशी बुडवायची
हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.
बाप इथेच डोल लावायचा.
तिरकी धरायची, हळू,
आत एकही बुडबुडा राहता कामा नये.
बुडबुडा म्हणजे वरची हवा.
वरची हवा म्हणजे खोटं.

मग होडीतच दोन औषधं टाकायची,
बूच लावून बाटली उलटीपालटी करायची.
तपकिरी साका धरला तर पाण्यात प्राणवायू आहे.
पांढरा धरला
तर पुढे मोजण्यासारखं काही उरत नाही.

"पांढरं," तो फोनवर सांगतो.
एवढंच.
हॉस्पिटलच्या जिन्यातून घरी सांगावं तसं.

फिलोमिना घोन्साल्विस रोज वसईहून येते,
बाटल्या सत्तावीस अंशांवर तीन दिवस निजवते,
दारावर खडूने लिहिते, शुक्रवारी उठवणे.
शबाना मुकादम नळ्या उजेडाकडे धरून
मैल्याचे जंतू मोजते.
तिच्या नळीत बुडबुडा दिसला की खरं.
एकाच खोलीत, सहा फुटांवर,
बुडबुड्याचे असे दोन धर्म.

प्यायला आम्ही वीस लिटरचा जार मागवतो.
तो आजवर कुणी तपासलेला नाही.

आणि मी.
मी पाण्याला हात लावत नाही, मी रिपोर्ट लिहिते.
'मर्यादेत.' 'मर्यादेच्या किंचित बाहेर.'
'किंचित' हा शब्द आम्ही बराच विकला आहे.
साहेब म्हणतात, क्लायंट काही आपला वैरी नाही.
लोक विचारतात पाणी कुठे मुरतंय.
मला माहीत आहे. वाक्यात मुरतं.

मंगळवारी तांडेल चिखलाच्या पायांनीच
थेट लॅबमध्ये आला.
फिलोमिना ओरडणार होती, ओरडली नाही.
"निवट्या दिसल्या."
कुठे?
"पांढरं धरलं तिथंच. चिखलावर.
डोळे वर काढून बघत होत्या माझ्याकडं."
शबाना म्हणाली, त्या कातडीतून हवा घेतात रे,
पाणी मेलेलं असलं तरी त्यांना चालतं.
"चालत नाय," तांडेल म्हणाला,
"चालवून घेतात."
आणि पेटीतलं वितळलेलं बर्फ मोरीत ओतायला गेला.

आमच्या तक्त्यात बावीस रकाने.
सामू, गढूळपणा, क्लोराइड, तेल आणि ग्रीस.
निवट्यांना रकाना नाही.
सगळ्यात शेवटी 'शेरा' आहे,
तिथे मी नऊ वर्षं एक आडवी रेघ मारत आले.
त्या संध्याकाळी टाइप केलं:
नमुना घेतेवेळी ओहोटी. चिखलावर निवट्या, चार-पाच.

फिलोमिनाने चष्म्यावरून वाचलं.
"चार की पाच? आपण अंदाजे लिहितो का कधी?"
(लिहितो, फिलोमिना. पण ते असो.)
तांडेलला फोन लावला.
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
तो जरा वेळ गप्प.
मग म्हणाला,
"पाचवीचा नुसता डोळा होता."

मी खोडून लिहिलं:
चार. आणि एक डोळा.

रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर आहे.
सही अजून व्हायची आहे.
पंख्याने उडू नये म्हणून
वर एक बाटली ठेवली आहे,
धुतलेली, बूच नसलेली,
आत नुसती हवा.