मधली जागा

दांडिया बाजारात, सेव-उसळीच्या दुकानावर माझा क्लास.
वास जिना चढून येतो, फी न भरता.

फळ्यावर: पुट ऑफ. टर्न डाऊन. पिक अप.
नाम असेल तर मधे ठेवा, शेवटी ठेवा, खपतं.
सर्वनाम मात्र मधेच.
पिक हिम अप.
का, ते मलाही कुणी सांगितलं नाही.

आपलं त्याच्यावर, तिच्याकडून, माझ्याशिवाय
पाठीला चिकटूनच हिंडतं,
आणि क्रियापद येतं दुसऱ्याचा हात धरून.
बघणं वेगळं.
बघून घेणं म्हणजे भांडण.

हेमांगी शिर्के वहीत लिहिते:
ही पुट ऑफ मी.

(इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे तो.
तो विनिपेगला. हिची तारीख तिसऱ्यांदा पुढे.)

मी लाल पेनानं बाण काढते,
‘मी’ला उचलते, मधे नेऊन ठेवते.
आपल्याच लिपीत हा शब्द असा दिसतो
की हात जरा अडखळतो.

ही पुट मी ऑफ.
ती मोठ्यानं वाचते.
"म्हणजे मला पुढे ढकललं?"
"हो. किंवा,
त्याच्यावरून मन उडालं."
"कुणाचं?"
"मधे जे आहे त्याचं."

पंखा दोन फेऱ्या घेतो.
"परीक्षेत कुठला अर्थ धरतात, मॅडम?"

धरतात, संदर्भावरून, असं काहीतरी म्हणते मी.
ती टोपण लावते पेनाला, काढते, पुन्हा लावते.

खालून आरोळी:
एक सेव-उसळ! तरी वधारे!