डाव्या पायाला काम नसलेली गाडी

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवते.
बेदाण्याच्या खोक्याचा, अडतीवरून आणलेला.
सकाळी काठीने ओढून मोजते.
सोमवारी अकरा. बुधवारी सतरा.
शुक्रवारी मोजता आले नाहीत,
थेंब एकमेकांत गेले होते.
हळदीच्या पोत्यांचा हिशेब लिहून जिचे केस पिकले
तिला आकडा लागल्याशिवाय चहा जात नाही.

तेल लाल. इंजिनचं असतं तर काळं असतं.
हे बीट किसल्यावर बोटांना राहतं तसं,
वास मात्र तव्यावर विसरलेल्या भाकरीचा.

विश्रामबागेतला म्हणाला, विकून टाका.
दुसरा म्हणाला, हा गिअरबॉक्स काढू,
साधा बसवू, क्लचवाला. निम्म्यात होईल.
मग त्याला माझ्या बुटापासून मांडीपर्यंत गेलेल्या
लोखंडी पट्ट्या दिसल्या,
आणि तो उगाच पाना पुसत बसला.

कुपवाडला पत्र्याच्या शेडमध्ये
दस्तगीर मुजावर गाडीखाली शिरला तो येईचना.
नुसत्या चपला दिसत होत्या, एकीचा अंगठा तारेने शिवलेला.
मग आतून आवाज:
"आक्का, असलं म्या कधी खोललं न्हाई.
पर बघू."
मला तो 'पर' आवडला.

चेन-पुलीवर गिअरबॉक्स लटकला.
जतचा बिरू खाली हात धरून उभा,
जणू पडला तर झेलणारच होता.
बोल्टांच्या डोक्यांत एकोणीसच्या पुराचा गाळ निघाला.
खणभागात तेव्हा चाकं बुडालेली.
दस्तगीरने तो टोकाने उकरला,
वर्तमानपत्रावर ठेवला
आणि त्याबद्दल काही बोलला नाही.

तळाच्या ताटात चुंबक. चुंबकावर राखाडी लोणी.
"हे चांगलंय," तो म्हणाला.
"चमकणारं कायतरी असतं
तर आपण दोघं बी रडलो असतो."
सील दोन बोटांत दाबलं. बिस्किटासारखं मोडलं.

एकशे चाळीस रुपयांचं रबर पुण्याहून यायला आठ दिवस.
आठ दिवस रिक्षा.
पाय हातांनी उचलून आत ठेवते,
रिक्षावाला तेवढा वेळ आरशात भांग पाडतो.
सभ्य माणूस.

सील बसलं. ताटाचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.
गाडी घरी आली.
सकाळी पुठ्ठ्यावर चार.

पुठ्ठाच घेऊन गेले.
दस्तगीर वाद घालणाऱ्यातला नाही.
एक्स-रे बघावा तसा उजेडात धरला,
पुन्हा शाफ्ट ओढून काढला
आणि त्यावरून नख फिरवलं.
एका जागी नख अडलं.
"आक्का, तुमी बी फिरवा."
केसाएवढी खोबण. सव्वीस वर्षं जुनं सील
एकाच जागी घासत बसलेलं.
नवं गेलं आणि त्याच खड्ड्यात बसलं.
"जरा सरकवून बसवतो. अर्धा सूत.
तिथं लोखंड अजून कोरं हाय."

संध्याकाळी ट्रायल. तो चालवायला, मी शेजारी.
पहिल्या वळणाला त्याचा डावा पाय क्लच शोधत गेला,
ब्रेक सापडला. दोघांची कपाळं पुढे.
पुन्हा. पुन्हा.
मागचा टेम्पोवाला आमच्या घराण्यावर आला.
मी म्हटलं, "दस्तगीर, डावा पाय मागे घ्या.
त्याला या गाडीत काम नाही.
माझ्याकडे बघा की."

तो बघायला तयार नव्हता. मग बघितलं.
मग हसला, आधी नाकातून, मग सगळा,
आणि पाय सीटखाली दुमडून ठेवला
जेवायला बसल्यासारखा.
माधवनगरपर्यंत
दोन डावे पाय नुसते बसून होते,
गाडी आपलीआपण गिअर बदलत होती,
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना
पूर्वी द्यायची तो हिसका न देता.

"लई भारी हाय की ही," तो म्हणाला.
अठ्ठ्याण्णव साली शोरूममध्ये
मीही असंच काहीतरी म्हणाले होते.

पुठ्ठा अजून टाकते.
आज एक थेंब. रंग नाही. वास नाही.
एसीचं पाणी असणार.
तरी वहीत लिहिला: एक.