अक्रोडाचे डाग

शाळेतल्या सभेला आम्ही अकरा जणी, दोन बाप.
त्यातही बऱ्याच मावश्या.
आया इटलीत आहेत, परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलतात,
मुलांना रविवारी पडद्यावर भेटतात.
किशिनाऊहून आलेल्या बाईंनी फळ्यावर एक नंबर लिहिला.
म्हणाल्या, उतरवून घ्या.
मग म्हणाल्या, फोन हिसकावू नका.
हिसकावलात तर पुढच्या वेळी मूल तुमच्याकडे येणार नाही,
त्याच्याकडेच जाईल.
मागून कुणी तरी बोललं, "आमच्या गावात असलं नाही."
बाईंनी नंबर पुन्हा गिरवला, जाड.

घरी आले तर इलिंकाच्या दाराखाली
निळसर उजेडाची चीर.
चौदाची आहे. हल्ली जेवताना फोन पालथा ठेवते,
तो वाजायच्या आधी तिचा खांदा दचकतो.
मला वाटायचं, प्रेमात असेल.
तसं वाटणं सोयीचं होतं.

अक्रोडांचं पोतं ओढत आत गेले,
हातोडी, पाट, दोन परड्या.
"व्यापारी शुक्रवारी येतोय. चल, हात लाव."
दुसरं काही विचारलं नाही.
ती फोडत राहिली, मी गर निवडत राहिले,
आणि मग सांगितलं, जे तिच्या बापालाही सांगितलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साल. मी एकोणीसची.
कारखान्यात पगाराऐवजी बरण्या मिळायच्या, टोमॅटोच्या.
रोदिकाच्या ओळखीतला एक माणूस,
बोलणं गोड, बूट चकचकीत,
समुद्रापलीकडच्या हॉटेलात भांडी घासायचं काम.
पासपोर्ट त्यानं मागून घेतले. सांभाळायला.
आम्ही त्याचे आभार मानले.

सरहद्दीआधी बस थांबली तेव्हा
संडास धुणाऱ्या बाईनं हातातली बादली खाली न ठेवताच विचारलं,
"पोरी, तुझा पासपोर्ट कुणाकडे आहे?"
एवढंच.
मी आतून कडी लावली.
हॉर्न तीनदा वाजला, मग वाजला नाही.
रोदिका खिडकीशी झोपली होती.
तिच्या अंगावर माझा कोट होता.

तिची आई अजून विहिरीवर भेटते.
मला काही विचारत नाही.

इलिंकानं तीन अक्रोड फोडले. चौथा हातातच राहिला.
"डेनिस सोळाचा नाहीये बहुतेक," म्हणाली.
"एक फोटो मागितला. मी दिला.
आता म्हणतो दुसरा दे, नाही तर हा सगळ्या वर्गाला पाठवीन."

आता हातोडी माझ्याकडे होती.
खरं सांगते, पहिला राग तिचाच आला.
जिभेवर आलंच होतं, लाज कशी वाटली नाही,
तेच वाक्य, ज्याच्या भीतीनं
मी बावीस वर्षं तोंड मिटून होते.
गिळलं. ओल्या सालीसारखं कडू.
म्हणाले, "बरं झालं सांगितलंस."
थोड्या वेळानं म्हणाले, "चूक त्याची आहे."
ती रडली नाही. नाक पुसलं,
गालभर काळा डाग ओढला गेला.

काही पुसून टाकू नकोस, मी म्हटलं. त्याला उत्तरही नको.
आहे ते तसंच राहू दे, सकाळी दाखवावं लागेल.
फोन स्वयंपाकघरात पावाच्या टोपलीत ठेवला.
रात्रभर तो थरथरत होता,
पावावरचा रुमाल हलत होता.
आम्ही दोघी एका पलंगावर, जाग्या.

सकाळी नंबर फिरवला.
"माझी मुलगी," एवढं म्हणाले आणि पुढचं सुचेना.
तिनं रिसीव्हर माझ्या हातातून घेतला, काळ्या बोटांनी,
आणि स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट.

अक्रोडाचा डाग साबणानं जात नाही.
कातडी नवी येते तेव्हा जातो, तिसऱ्या चौथ्या आठवड्यात.
तोवर बाजारात सगळ्यांना दिसतो.

आज विहिरीवर रोदिकाची आई एकटीच होती.
मी तिची बादली धरली. ती "असू दे" म्हणाली.
मी सोडली नाही.
कोटापासून सुरुवात केली.